सरावासाठी राज्याची सीमा ओलांडणारा संघ

२०१९ च्या वसंतात ऑर्लँडो अपोलोज या फुटबॉल संघाचा दिनक्रम असा झाला होता. मुक्काम फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिल शहरात, हॉटेलवर. तिथून बसने निघायचं, सेंट मेरीज नदीचा पूल ओलांडून शेजारच्या जॉर्जिया राज्यात शिरायचं, किंग्जलँड नावाच्या छोट्या गावात सराव करायचा आणि पुन्हा बसने मुक्कामी यायचं. घरचे सामने मात्र तिथून सव्वादोनशे किलोमीटर दक्षिणेला, ऑर्लँडोत. ज्या शहराचं नाव अंगावर मिरवायचं, त्या शहरात हे खेळाडू सामन्यापुरते पाहुण्यासारखे येऊन जायचे.

आणि तरीही आपल्या लीगमधला हा सगळ्यात तगडा संघ होता. आठ सामने खेळले, सात जिंकले. नववा सामना झालाच नाही, कारण लीगच बंद पडली.

जिंकणारा संघ बंद का पडतो, हे समजून घ्यायचं असेल तर अपोलोजसारखं उदाहरण नाही. मैदानावर त्यांच्याकडून फारसं काही चुकलं नाही. जे चुकलं ते त्यांच्या हातात नव्हतं.

आधी खेळाबद्दल थोडं, कारण पैशाचं गणित त्यातच दडलेलं आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लंबगोल असतो, मैदान शंभर यार्डांचं, आणि एका वेळी एका बाजूचे अकरा जण मैदानात. चेंडू ज्यांच्या हातात आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. सरकले तर पुन्हा चार संधी, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. प्रत्येक संधीनंतर खेळ थांबतो, त्यामुळे टीव्हीवर जाहिरातींना भरपूर जागा मिळते. हल्ला करणारे वेगळे, बचाव करणारे वेगळे, लाथ मारणारा वेगळा, म्हणून एका संघात पन्नासच्या वर माणसं लागतात. आणि शंभर-सव्वाशे किलोची माणसं सामनाभर एकमेकांवर आदळत असतात, त्यामुळे जखमा ठरलेल्याच. थोडक्यात, टीव्हीवर खूप पैसा मिळवून देऊ शकणारा, पण चालवायला फार महाग असा हा खेळ आहे.

त्यातला पैसा जवळजवळ सगळा एकाच ठिकाणी जातो : एनएफएल. बत्तीस संघांची ही लीग टीव्हीचे राष्ट्रीय करार एकत्र करते आणि रक्कम सगळ्यांना सारखी वाटते. ग्रीन बे पॅकर्स हा संघ लोकांच्या मालकीचा असल्यामुळे दरवर्षी हिशेब जाहीर करतो, म्हणून नेमका आकडा कळतो. २०१८ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाच्या वाट्याला सुमारे २७.४ कोटी डॉलर आले. एकही तिकीट विकण्याआधीचे हे पैसे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एनएफएलचा हंगाम सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालतो. पुढचे सहा-सात महिने मैदानं रिकामी, चाहते रिकामे. शिवाय दर हंगामाआधी प्रत्येक संघ नव्वद जणांमधून त्रेपन्न निवडतो. म्हणजे बत्तीस संघ मिळून अकराशेहून जास्त खेळाडू काही दिवसांत बाहेर पडतात. लहानपणापासून हेच एक काम शिकलेली पंचवीस वर्षांची मुलं. यांना घेऊन फेब्रुवारी ते एप्रिल एक लीग चालवावी, हा विचार इतका सरळ आहे की दर काही वर्षांनी कोणाच्या तरी मनात तो येतोच.

२०१८ च्या मार्चमध्ये तो चार्ली एबरसोल आणि बिल पोलियन यांनी जाहीर केला. पोलियन हे एनएफएलमध्ये संघबांधणीत नाव कमावलेले जाणकार. एबरसोल टीव्ही आणि चित्रपट निर्माते. त्यांचे वडील डिक एबरसोल यांनी २००१ मध्ये एक्सएफएल नावाची अशीच लीग उभी करण्यात भाग घेतला होता, आणि ती एका हंगामात बंद पडली होती. त्या फसलेल्या प्रयत्नावर मुलाने माहितीपटही केला होता. म्हणजे अशा लीग कशा बुडतात हे या माणसाला घरातूनच ठाऊक होतं, आणि पहिल्या दिवसापासून तो सांगत होता की आम्हाला घाई नाही, आम्ही हळूहळू वाढू. नव्या लीगचं नाव अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल, संक्षेपात एएएफ. आठ शहरं, आठ संघ.

आता मालकीची रचना, कारण खरी गोम इथे आहे.

आयपीएल डोळ्यासमोर आणली तर प्रत्येक संघाचा मालक वेगळा दिसतो. एखाद्याला तोटा झाला तर तो त्याचा तो सोसतो, विकतो किंवा नवा भागीदार आणतो. एएएफमध्ये तसं नव्हतं. आठही संघांची मालक एकच कंपनी, ती म्हणजे लीग. खेळाडूंचे करार लीगशी, पगार लीगकडून, विमान-हॉटेलची बिलं लीगच्या खात्यातून. अपोलोज नावाचा वेगळा धंदा नव्हताच. ती एका दुकानाची ऑर्लँडोतली शाखा होती.

या रचनेचे फायदे खरे आहेत. संघ एकमेकांवर बोली लावून पगार वाढवत नाहीत. १९८० च्या दशकातल्या यूएसएफएल या लीगला नेमका याच चढाओढीचा फटका बसला होता. एएएफमध्ये सगळ्यांना एकच करार : तीन वर्षांचे मिळून अडीच लाख डॉलर. पहिल्या वर्षी ७० हजार, दुसऱ्या वर्षी ८० हजार, तिसऱ्या वर्षी एक लाख, आणि यातलं काहीच हमीचं नाही. एनएफएलमध्ये नवख्याचा किमान पगारही त्याच्या कैक पट असतो.

पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संघ हा पोहरा, लीग हा आड. ऑर्लँडोचा पोहरा कितीही चांगला असला तरी आड आटला की तोही कोरडा. सात सामने जिंकून अपोलोजच्या नावावर एक डॉलरही जास्त जमा होत नव्हता, आणि मेम्फिसच्या शाखेत खड्डा पडला तर तो ऑर्लँडोलाही गिळणार होता.

एक साधा हिशेब करून पाहू. संघात बावन्न खेळाडू, आठ संघ, म्हणजे ४१६ जण. प्रत्येकी ७० हजार धरले तर फक्त खेळाडूंचा पहिल्या वर्षाचा पगार २.९ कोटी डॉलर. त्यावर प्रशिक्षक, डॉक्टर, पंच, मैदानांची भाडी, दर आठवड्याला चार संघांचा प्रवास, साहित्य, आणि विमा.

विमा म्हटलं की पुन्हा त्या बसकडे यावं लागतं.

अमेरिकेत कामावर असताना माणूस जखमी झाला तर उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग कामगार भरपाई विम्यातून मिळतो. आपल्याकडच्या ईएसआयची कल्पना थोडीफार अशीच. फरक एवढा की आपल्याकडे कायदा केंद्राचा, तर तिथे प्रत्येक राज्याचा वेगळा. आणि फ्लोरिडाच्या कायद्याने व्यावसायिक खेळाडूंना या व्याख्येतून चक्क बाहेर ठेवलं आहे. मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, बेसबॉल आणि फुटबॉल खेळणारे यांचं खेळणं त्या कायद्याच्या दृष्टीने 'नोकरी'त मोडत नाही.

मग फ्लोरिडातले एनएफएलचे तीन संघ काय करतात? त्यांचा खेळाडू संघटनेशी सामूहिक करार आहे. जिथे कायद्याने विमा मिळत नाही तिथे संघाने तेवढंच संरक्षण स्वतः द्यायचं, असं त्यात लिहिलं आहे. त्यांची तिजोरी तेवढी मोठी आहे. नव्या लीगकडे ना असा करार, ना अशी तिजोरी. उरला एकच मार्ग : सरावाचा मुख्य भाग जॉर्जियात हलवायचा, म्हणजे खेळाडू जॉर्जियातले कामगार धरले जातील आणि तिथला विमा लागू होईल. हंगाम सुरू असतानाच हे करावं लागलं. ज्या खेळात गुडघा कधी जाईल ते सांगता येत नाही, त्यात विम्याशिवाय मैदानात उतरवणं हा अन्यायच झाला असता, त्यामुळे हा निर्णय योग्यच होता असं मला वाटतं. पण मैदान शोधताना, हेल्मेट निवडताना, बोधचिन्ह काढताना ही गोष्ट कोणाच्या ध्यानात वेळेवर आली नाही, याचं वाईट वाटतं.

आता मैदानावर काय झालं तेही सांगितलं पाहिजे, कारण ते फार सुंदर होतं.

अपोलोजचे प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर. वय ७३. फ्लोरिडात हे नाव आपल्याकडे जुन्या मोठ्या क्रिकेटपटूचं घ्यावं तशा आदराने घेतात. १९६६ मध्ये याच राज्याच्या विद्यापीठातून खेळताना कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च सन्मान, हाइजमन ट्रॉफी, त्यांनी मिळवली होती. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं. आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची पहिली नोकरी कुठली? यूएसएफएलमधला टॅम्पा बे बँडिट्स, १९८३ ते १९८५. म्हणजे एक अल्पायुषी लीग त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला, दुसरी तिच्या संध्याकाळी.

९ फेब्रुवारी २०१९ ला पहिला सामना. समोर अटलांटा लेजंड्स. ऑर्लँडोत विद्यापीठाच्या मैदानावर सुमारे वीस हजार लोक. स्परियर यांना चकवणाऱ्या चाली फार आवडतात. त्या दिवशी त्यांनी एक अशी चाल रचली की चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकनेच, गॅरेट गिल्बर्टने, सहकाऱ्याने फेकलेला चेंडू झेलून गुण केला. अपोलोज ४०-६ ने जिंकले. त्याच रात्री सीबीएस वाहिनीवर लीगचे उद्घाटनाचे सामने ३० लाखांच्या आसपास लोकांनी पाहिले, त्या वेळच्या बास्केटबॉलच्या एनबीए लीगमधल्या सामन्याहून जास्त. सगळ्यांना वाटलं, जमलं.

हा धरून पहिल्या पाच आठवड्यांत पाच विजय. १६ मार्चला ॲरिझोना हॉटशॉट्सकडून २२-१७ असा एकुलता एक पराभव. मग पुन्हा अटलांटाचा ३६-६ ने धुव्वा, आणि ३० मार्चला मेम्फिसवर ३४-३१ असा निसटता विजय. गिल्बर्टने आठ सामन्यांत २,१५२ यार्ड चेंडू फेकला, लीगमध्ये सर्वाधिक. २०१४ मध्ये एनएफएलच्या संघांनी कॉलेजमधले खेळाडू निवडले तेव्हा सहाव्या फेरीत घेतला गेलेला, मग या संघातून त्या संघात बाकावर बसत राहिलेला हा मुलगा. संधी मिळाल्यावर तो काय करू शकतो हे जगाने पहिल्यांदा पाहिलं ते इथे.

याच आठवड्यांत आड आटत होता.

लीगचा एक मोठा गुंतवणूकदार म्हणजे रेजी फाउलर. त्याच्याकडून येणारा पैसा थांबला. पुढे काही वर्षांनी अमेरिकन न्यायालयात त्याने गुन्हे कबूल केले, त्यात या लीगला फसवल्याचा आरोपही होता, आणि २०२३ मध्ये त्याला सव्वासहा वर्षांची शिक्षा झाली. पण २०१९ च्या फेब्रुवारीत एवढंच दिसत होतं की पहिल्या आठवड्यानंतर काही खेळाडूंचे पगार वेळेवर पोचले नाहीत. १९ फेब्रुवारीला नवा तारणहार जाहीर झाला : टॉम डंडन, आइस हॉकीच्या कॅरोलिना हरिकेन्स संघाचे मालक. त्यांनी २५ कोटी डॉलरची तयारी दाखवली आणि ते लीगचे अध्यक्ष झाले.

मघाचा आकडा आठवा. एनएफएलच्या एका संघाला एका वर्षात टीव्ही आणि इतर राष्ट्रीय करारांतून मिळणारी रक्कम २७.४ कोटी. आणि इथे आठ संघांची आख्खी लीग वाचवायला आलेलं आश्वासन २५ कोटी. तेही एकरकमी नव्हे. आठवड्याला लागेल तसं द्यायचं, आणि केव्हाही थांबवता येईल असं.

डंडन यांना लवकरच लक्षात आलं की प्रेक्षकांना अनोळखी खेळाडू पाहायला फार काळ आवडणार नाही. त्यांना एनएफएल संघांच्या राखीव पथकातली तरुण मुलं हवी होती. पण ही मुलं द्यायची तर एनएफएल खेळाडू संघटनेची संमती लागते, कारण हंगामाबाहेर खेळाडूंना किती राबवायचं यावर सामूहिक करारात मर्यादा आहेत. वसंतात दुसऱ्या लीगमध्ये खेळताना मुलगा जायबंदी झाला तर त्याची शरदातली नोकरी गेली, भरपाई कोण देणार? संघटनेने घाईने होकार दिला नाही. मला संघटनेची बाजू पटते. मार्चच्या शेवटी डंडन यांनी वर्तमानपत्राला उघड सांगितलं की हे जमलं नाही तर लीग बंद होऊ शकते. त्या वाक्यानंतर तिकीट कोण काढणार आणि जाहिरात कोण देणार?

लीगच्या संस्थापकांचा भरवसा आणखी एका गोष्टीवर होता. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खेळांवरच्या पैजा कायदेशीर करायची वाट मोकळी करून दिली. एएएफने स्वतःचं ॲप बनवलं होतं, त्यात चालू सामन्यात पुढची चाल काय असेल याचा अंदाज बांधता यायचा, आणि एमजीएम या कॅसिनो कंपनीशी करारही झाला होता. कल्पना काळाच्या पुढची होती. पण ॲपमधून पैसे यायला वर्षं लागतात, पगार मात्र दर आठवड्याला द्यावा लागतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

२ एप्रिलला लीगने काम थांबवलं. नियमित हंगामाचे दोन आठवडे बाकी होते. अनेक खेळाडूंना बातमी कळली ती फोनवर, बाहेरून. मेम्फिसचे खेळाडू हॉटेलवर परतले तर त्यांचं सामान खाली आणून ठेवलेलं. घरी जायचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. १७ एप्रिलला दिवाळखोरीचा अर्ज झाला, तोही चॅप्टर सात या कलमाखाली. अमेरिकेत कंपनी सावरण्यासाठी केलेला अर्ज अकराव्या कलमाखाली होतो. सातवं कलम म्हणजे दुकान कायमचं बंद, जे आहे ते विकून ज्यांचे पैसे थकले त्यांच्यात वाटायचं. अर्जात देणी होती ४ कोटी ८३ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे ३३५ कोटी रुपये. मालमत्ता १ कोटी १३ लाख. बँकेत शिल्लक ५ लाख ३६ हजार. विजेतेपदाचा सामना २७ एप्रिलला टेक्ससमध्ये व्हायचा होता.

ऑर्लँडोच्या जुन्या चाहत्यांना हे नवीन नव्हतं, आणि हेच मला सगळ्यात चटका लावणारं वाटतं. १९७४ मध्ये वर्ल्ड फुटबॉल लीगचा फ्लोरिडा ब्लेझर्स संघ याच शहरात खेळला. खेळाडू अखेरचे काही महिने पगाराशिवाय खेळले, तरी अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि फक्त एका गुणाने, २२-२१, हरले. २००१ च्या एक्सएफएलमध्ये ऑर्लँडो रेजने दहापैकी आठ सामने जिंकले, सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक. त्या लीगला दुसरा हंगाम नव्हता. २००९ मध्ये युनायटेड फुटबॉल लीगमधले फ्लोरिडा टस्कर्स साखळीतले सहाच्या सहा सामने जिंकले आणि अंतिम सामना जादा वेळेत गमावून बसले. तीही लीग २०१२ मध्ये थांबली. पाच दशकं हे शहर उत्तम संघ उभे करतंय, आणि दरवेळी लीग पायाखालून निघून जाते.

आपल्याकडेही याचा एक लहानसा धागा आहे. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या नावाने अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग सुरू झाली. महाराष्ट्रातून दोन संघ : मुंबई ग्लॅडिएटर्स आणि पुणे मराठाज. पहिल्या हंगामाचे सामने भारतात न होता श्रीलंकेत, कोलंबोत झाले, आणि तो हंगाम पुण्याने जिंकला. पुण्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? स्वतःच्या शहराबाहेर खेळून जिंकणाऱ्या त्या पोरांचं आणि किंग्जलँडच्या बसमधल्या पोरांचं नातं मला जवळचं वाटतं.

अपोलोज संपले, पण त्यातली माणसं पुढे गेली. गिल्बर्टला एनएफएलच्या क्लीव्हलँड ब्राउन्स संघाने घेतलं. ८ नोव्हेंबर २०२० ला डॅलस काउबॉइजसारख्या बलाढ्य संघाकडून त्याने एनएफएलमधला आपला पहिला सामना सुरुवातीपासून खेळला. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाकडून डॅलस १९-२४ ने हरलं, पण शेवटच्या चालीपर्यंत सामना जिवंत होता.

आणि डीअर्नेस्ट जॉन्सन. २०१८ मध्ये कॉलेज संपलं तेव्हा एनएफएलच्या निवडीत त्याचं नाव आलं नाही. पोटासाठी तो फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, की वेस्ट बेटावर, मासेमारीच्या बोटीवर कामाला लागला. तिथून त्याला अपोलोजने बोलावलं. आठ सामन्यांतली त्याची धाव पाहून क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याला घेतलं, आणि दोन वर्षं तो बहुतेक वेळ बाकावरच होता. २१ ऑक्टोबर २०२१ च्या गुरुवारी रात्री क्लीव्हलँडचे दोन्ही आघाडीचे धावपटू जखमी होते. डेन्व्हरविरुद्ध जॉन्सन पहिल्यांदाच सुरुवातीपासून मैदानात उतरला. बावीस वेळा चेंडू घेऊन तो १४६ यार्ड धावला, एकदा चेंडू थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टचडाउन केला, आणि क्लीव्हलँड १७-१४ ने जिंकलं. सामन्यानंतर तो त्या बोटीबद्दल बोलला.